मोकळ्या जागेचं बक्षीस

“कंपनीत बक्षीस मिळालेल्या माणसाला घरातल्या ड्रमांजवळ फिरकू देऊ नको, पोरी,” शेजारच्या भामाबाईंनी बजावलं होतं. अपेक्षा हसली होती. वर्षभराच्या लेकानं, शिवमनं तोंडात काय घातलंय, यापुढं तेव्हा तिला काही ऐकूच येत नव्हतं.

बक्षीस मात्र खोटं नव्हतं. तिचा नवरा सुदर्शन चितेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तिथं पूर्वी सुट्या भागांचे ढीग पडलेले असायचे आणि नेमका हवा तो भाग शोधण्यात अर्धी पाळी सरायची. सुदर्शननं ढीग हटवले. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल यायला लागला. काम झपाट्यानं उरकू लागलं. साहेबांनी शाल दिली. ती अंगावर घेऊनच तो चिकलठाण्याच्या घरात शिरला, तो थेट न्हाणीघरात.

“अपेक्षा, हे काय?”

“ड्रम. पाण्याचे.”

“हा साठा आहे! साठा म्हणजे आळस.”

“अहो, नळ कधी चार दिवसांनी येतो, कधी आठ.”

“ड्रम आहेत म्हणूनच आपण नियोजन करत नाही.”

ड्रम भामाबाईंकडं गेले. फुकट. त्या नाय म्हणाल्या नाहीत. पुढच्या पाण्याला त्यांनी सगळे काठोकाठ भरले. इकडं रिकाम्या फरशीवर सुदर्शननं कारखान्यातल्यासारखी पिवळी पट्टी चिकटवली. “बघ, किती मोकळं वाटतं!”

त्याच आठवड्यात पाइपलाइन फुटली. आणि शिवमनं पोट बिघडवायला नेमकी तीच सकाळ निवडली. मळक्या दुपट्यांचा साठा काही शून्यावर येईना. मीठ-साखरेचं पाणी करायचं, तर घरात होती फक्त मोकळी जागा.

“टँकर परवा भेटंल, साहेब,” फोनवरचा माणूस म्हणाला.

पोराला कडेवर घेऊन अपेक्षा भामाबाईंच्या दारात उभी राहिली. मागं बादली धरून सुदर्शन.

“बादली रिकामी दाखव आधी,” भामाबाई म्हणाल्या. “रिकामी दिसली तरच भरून मिळंल. ड्रम देताना तूच सांगत होता ना, कंपनीत असंच चालतं म्हणून?”

“मावशी, दोन द्या की एकदम.”

“दुसरी ठिवून काय करणार? साठा?”

परतताना अपेक्षानं विचारलं, “अहो, तुमच्या कंपनीत माल नेमका वेळेवर येतो तरी कसा?”

“पुरवठादार गोदामं भरून ठेवतात ना!” सुदर्शन ऐटीत म्हणाला. मग त्यानं वळून भामाबाईंच्या भरल्या ड्रमांकडं बघितलं.

शिवम पाणी प्याला, जरा हसलाही. “आता तरी ड्रम परत आणा,” अपेक्षानं सांगितलं. सुदर्शन निमूट गेला.

तो अजून आलेला नाही. भिंतीपलीकडून त्याचा आवाज तेवढा येतोय, “मावशी, केवढे हे ड्रम! इथं लई जागा वाया चाललीय.”

नळ कोरडाच आहे आणि पोरगं कडेवर पेंगतंय. तुम्ही त्या गल्लीत असाल, तर अपेक्षा तुमच्या पाया पडतेय, भामाबाईंकडं जरा डोकावून या. त्याचं ऐकून ती बाई मान तर डोलवत नाहीये ना?