उरल्यातले सतरा कूलर

बंडू ठवकरांच्या मते, नुसत्या नजरेनं गुन्हेगार ओळखणारी माणसं भारतात तीनच झाली. त्यातली दोन वारली. तिसरं माणूस रायपूरच्या सदर बाजारात, सराफाच्या दुकानावरच्या मजल्यावर बसतं, आणि त्याच्या कार्डावर सोनेरी अक्षरांत 'संगणकीय गुप्तहेर' असं छापलेलं आहे. खरा धंदा विचाराल तर छोट्या कारखान्यांतली वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडून देण्याचा. जोडायचं काम रुचिता मेश्राम करायची. बंडूभाऊ काळा चष्मा लावून शेजारी उभे राहायचे आणि काही अडलं की म्हणायचे, "रुचिता, हा बिघाड नाही. गुन्हा हाय."

यावेळी मात्र खरंच गुन्ह्याचा फोन आला. उरल्यातल्या, म्हणजे शहराबाहेरच्या धुरकट औद्योगिक वसाहतीतल्या, कूलरच्या कारखान्यातून सतरा कूलर गायब!

रुचितानं लगेच लॅपटॉप उचलला. तीनच आठवड्यांपूर्वी तिनं तिथली ऑर्डरची, गोदामाची आणि गाडीची अशी तिन्ही सॉफ्टवेअरं जोडून दिली होती. आता ऑर्डर टाकली की गोदामात नंबर आणि नग एवढीच चिठ्ठी निघायची, नाव-पत्ता थेट ड्रायव्हरच्या मोबाइलवर जायचा. मध्ये कोणी कोणाला विचारायची गरजच नाही. सॉफ्टवेअर म्हणत होतं, सगळं ठीक. मालकांची खिशातली डायरी म्हणत होती, सतरा कमी.

मालक शरच्चंद्र भुसारींनी डायरीवर विश्वास ठेवला. रुचिता आणि बंडूभाऊ पोचले तेव्हा गोदाम सांभाळणारे श्यामराव त्यांच्यासमोर उभे होते, आणि त्यांच्या किल्ल्या टेबलावर पडल्या होत्या.

"चार वाजेपर्यंत चोर सापडला तर ठीक," मालक म्हणाले, "नाही तर श्यामरावले पोलिसात देतो."

श्यामरावांची तिथली सव्वीस वर्षांची नोकरी. गोदाम समजावून सांगताना याच माणसानं रुचिताला आपला स्टूल देऊन स्वतः उभं राहून घाम पुसला होता. हा चोर असेल तर आपण गुप्तहेर, असं तिला वाटलं.

बंडूभाऊंनी आल्या आल्या छताकडे सूचक नजर टाकली.

"भाऊ, मी आधी ऑर्डरची यादी पाहतो," रुचिता म्हणाली.

"यादी कोणीबी वाचते! गुप्तहेर माणसं वाचते." त्यांनी तिचा लॅपटॉप उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवीवर 'पुरावा' अशी चिठ्ठी डकवली.

मग ते श्यामरावांच्या पायांशी वाकले. "हे पाहा! चपलेवर काळी धूळ!"

"साहेब, हे उरला हाय," श्यामराव म्हणाले. "तुमच्या बुटावर जरा जास्तच हाय."

बंडूभाऊंनी बूट टेबलाखाली सरकवला आणि नवा सिद्धांत काढला: कूलर सुटा करून जेवणाच्या डब्यातून नेत असतील. टेप घेऊन त्यांनी अकरा कामगारांचे डबे मोजले. कूलरचा पंखा एकाही डब्यात मावत नव्हता. तरी एका डब्यातल्या वरणाचा वास घेऊन त्यांनी वहीत 'संशयास्पद' लिहिलं. घड्याळात साडेतीन झाले. रुचिता मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

एवढ्यात चहावाल्या विमलाबाई शिंकत आत आल्या. अंगावर शाल.

बंडूभाऊ ताडकन उठले. "मे महिन्यात शाल! शालीखाली काय लपवलं?"

"शालीखाली मी हावो," विमलाबाई म्हणाल्या. "काहून अंगावर येता? सर्दी झाली मले."

"पंचेचाळीस डिग्रीत सर्दी? खोटं!"

"हव, खोटं! या ना मग पुरानी बस्तीत. रोज सकाळी गणपतीच्या देवळात जातो मी. चहूकडून कूलर लावून ठेवले तिथं. पुजारी सुद्धा स्वेटर घालून आरती करून राहिला. परवापासून तर प्रदक्षिणेले जागाच नाही राहिली."

बंडूभाऊ शालीचं टोक तपासत होते. रुचितानं मात्र पिशवी टराटरा फाडली.

"पुराव्याले हात लावू नको!"

तिनं यादी उघडली. रोजची पहिली ओळ एकच: श्री गणपती, पुरानी बस्ती, एक नग. सतरा दिवस, सतरा ओळी. आणि प्रत्येक ओळीपुढे नोंद करणाऱ्याचं नाव: शरच्चंद्र भुसारी.

मालक चहाचा कप ठेवून उठले.

"अवं, ते तर बोहनी होय! बाबाच्या काळापासून दिवसाची पयली ओळ देवाच्या नावानं लिवतो. वहीत तीस वर्षं लिवली, कूलर कुठं गेला काय?"

"वही गाडी पाठवत नव्हती, शेठ. हे पाठवते. पण देवाचा पत्ता काहून भरला?"

"तुझं मशीन पत्त्याशिवाय पुढंच सरकत नव्हतं, पोरी!"

दारात ड्रायव्हर लहानू उभा होता. "रोज पयली खेप देवळातच देऊन राहिलो, शेठ. म्हटलं तुमचा नवस असंन. नवस कोणी विचारते काय?"

मालकांनी किल्ल्या उचलून दोन्ही हातांनी श्यामरावांपुढे धरल्या. "चुकलं माझं. लय चुकलं."

श्यामरावांचे डोळे भरून आले. "चोर म्हटलं मले, साहेब. सगळ्यांसमोर."

"देवळातले कूलर परत आणतो. तुमचं नाव साफ..."

"देवाले देल्लेलं परत घेता काय?" श्यामरावांनी किल्ल्या कमरेला लावल्या. "राहू द्या. पण देवाले सतरा, अन् कूलरच्या गोदामात हवेले एक बी नाही, येवढं ध्यानात ठेवा." ते टिनाच्या छपराखालच्या आपल्या भट्टीत निघून गेले. मालकांना मान वर करवेना.

"वरच्याचंच काम होतं," बंडूभाऊ रस्त्यात म्हणाले. "मी आल्या आल्या वर पाह्यलं होतं की नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सदर बाजारातून रुचितानं यादी उघडली. पहिली ओळ मालकांनीच भरली होती: श्री श्यामराव, गोदाम, एक नग. पत्ता कारखान्याचाच होता. तरीही, गाडीची नोंद सांगत होती, लहानूनं नियमाप्रमाणे कूलर गाडीत चढवला, फाटकाबाहेर काढला आणि वळवून पुन्हा आत आणला होता.

स्क्रीनवरच्या पावतीवर श्यामरावांची सही होती. शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं होतं: माल मिळाला. गार हाय.