एकवीस अंशांचा समुद्र

"फोनवर सतरा दाखवतंय," रुचिर ब्रेडला लोणी लावत म्हणाला. "सतरा अंशांच्या समुद्रात तुम्ही पायसुद्धा घालणार नाही आहात, बाबा."

"पायाचं नंतर बघू. हे सतरा मोजलं कुणी? कुठं? किती खोलीवर?"

रुचिरला साडेआठची मीटिंग होती. त्यानं ब्रेड तोंडात धरला आणि लॅपटॉप उघडला.

विश्वास खांबेटे पुण्यात चौतीस वर्षं हवामान खात्यात निरीक्षक होते. स्वतः पाहिल्याशिवाय त्यांनी वहीत एकही आकडा लिहिला नव्हता. मात्र त्यांची सगळी नोकरी जमिनीवर झाली होती आणि त्यांना पोहता येत नव्हतं. मुलाकडे, हॉलंडमधल्या कापेलला येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. मुलगा-सून कामात, नात शाळेत. दिवसभर बाल्कनीतून कालव्यातली बदकं मोजायची, आणि बदकं एका जागी राहत नसल्यामुळे तेही नीट होत नव्हतं.

सून हिमानीनं नातीच्या आंघोळीचा जुना थर्मामीटर शोधून दिला. तो पिवळ्या बदकाच्या आकाराचा होता. विश्वासरावांनी तो आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासला, शून्य दाखवतो याची खात्री केली आणि मेट्रोनं हूक फान हॉलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले. पँट दोन घड्या वर दुमडून त्यांनी पाण्यात बदक सोडलं. आकडा आला एकवीस.

"चार अंशांचा फरक!" संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "तुझा फोन झोपा काढतोय."

"मस्तच की, बाबा," रुचिर म्हणाला. दिवसभरात त्याच्या पाच मीटिंगा झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून विश्वासराव नातीची पाटी घेऊन जाऊ लागले. वाळूत पाटी रोवायची, खडूनं मोठा आकडा लिहायचा आणि शेजारी घडीच्या खुर्चीत बसायचं. तिसऱ्या दिवशी पोहायला येणाऱ्या पाच डच आजीबाई पाटीपाशी थांबल्या. त्यांच्यातली उंच, लाल टोपीवाली योके सत्तरीची होती. तिनं इंग्रजीत विचारलं, "आज किती?"

"एकवीस पॉइंट एक," विश्वासराव उठून उभे राहत म्हणाले.

पाचही जणी पाण्यात शिरल्या आणि जोरजोरात किंचाळल्या. आपल्या आकड्यानं लोक किती खुश होतात, हे पाहून विश्वासरावांचा ऊर भरून आला. मग रोजचंच झालं. त्या आकडा विचारत, किंचाळत, आणि परत येताना त्यांना थर्मासमधली कॉफी देत.

गोष्ट इथवर राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण रुचिरचा मित्र सारंग तिथल्या मराठी मंडळाचा उत्साही चिटणीस होता. त्यानं ग्रुपवर टाकलं, 'तज्ज्ञांच्या खात्रीशीर मोजमापानुसार समुद्र एकवीस अंश! रविवारी सगळ्यांनी पोहायला या.'

रविवारी चौतीस माणसं आली. थालीपिठं आली, भेळेचं पातेलं आलं, पोरांसाठी फुगवायचे मगर-मासे आले. विश्वासरावांनी सर्वांसमक्ष बदक बुडवून पाटीवर २१ लिहिलं. टाळ्या पडल्या.

"चला रे! आम्ही मालवणचे, आम्हाला काय समुद्राचं!" असं ओरडत सारंग धावत गेला आणि लाटेत मुसंडी मारून दिसेनासा झाला. वर आला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द येत नव्हता, नुसती शिट्टीसारखी हवा येत होती. त्याच्यामागून गेलेले दहा-बारा जण गेले त्याहून दुप्पट वेगानं परतले. मंडळाच्या अध्यक्षबाई टॉवेल गुंडाळून भेळेच्या पातेल्याला टेकून बसल्या. थर्मासमधला चहा पाच मिनिटांत संपला.

"काका," सारंग दात वाजवत म्हणाला, "ह-हे एकवीस?"

विश्वासरावांचा चेहरा लाल झाला. "अरे, मी खोटं लिहीन? ये, तुझ्यासमोर मोजतो." त्यांनी बदक पुन्हा पाण्यात सोडलं. "बघ! एकवीस!"

सारंगनं आजूबाजूला पाहिलं. तिथं घोट्याएवढ्या पाण्यात पोरं आरामात बसून बादल्या भरत होती. पुढे वाळूचा लांबलचक उंचवटा होता, आणि त्याच्या पलीकडे लाटा.

"काका, हे उन्हानं तापलेलं डबकं आहे. समुद्र त्या तिकडे आहे."

कुणी हसलं नाही, म्हणून ते जास्तच लागलं. विश्वासरावांनी घड्याळ काढून हिमानीच्या हातात दिलं आणि बदक घेऊन चालायला लागले.

"बाबा, कुठं निघालात? तुम्हाला पोहता येत नाही!" रुचिर मागून धावला.

"पोहायला कुठं चाललोय? रीडिंग घ्यायचंय."

उंचवटा ओलांडून ते गुडघ्यापर्यंत गेले, मग कमरेपर्यंत. एक लाट छातीवर आदळली. रुचिरनं त्यांचा शर्ट मागून घट्ट धरला. डोळे मिटलेल्या विश्वासरावांनी पूर्ण दोन मिनिटं बदक पाण्याखाली धरून ठेवलं.

"स-सतरा पॉइंट दोन," ते म्हणाले. "लिहून घे."

"बाबा, माझ्याकडे पेन नाहीये, आणि मला माझे पायही जाणवत नाहीयेत. चला!"

किनाऱ्यावर त्यांनी आकडा पुसून १७ लिहिला आणि हात जोडून सगळ्यांची माफी मागितली. सारंगनं त्यांच्या खांद्यावर आपलं जॅकेट टाकलं, अध्यक्षबाईंनी थालीपीठ हातात दिलं. विश्वासरावांनी ते खाल्लं नाही. घरी रात्री ते हिमानीला एवढंच म्हणाले, "सोळा दिवस. सोळा दिवस त्या बायकांना मी चुकीचं सांगितलं. वयानं थकलेल्या आहेत गं त्या. एखादीला काही झालं असतं तर?"

दुसऱ्या दिवशी हिमानीनं सुट्टी टाकली आणि ती त्यांच्याबरोबर गेली. पाच जणी समोर येताच विश्वासराव उभे राहिले आणि तयार करून ठेवलेलं माफीचं इंग्रजी भाषण त्यांनी अडखळत म्हटलं.

योकेनं ते शांतपणे ऐकून घेतलं. "आम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत होतं?"

"मी बावीस वर्षं इथं पोहतेय. सतरा आणि एकवीस अंगाला कळतं. शिवाय फोन आहेच."

"मग रोज मला का विचारत होतात?"

योकेनं मागे उभ्या असलेल्या बुटक्या मैत्रिणीकडे बोट दाखवलं. "ही मीप. हिला इंग्रजी कळत नाही. गेल्या वर्षी नवरा गेल्यापासून पाण्यात उतरत नव्हती. फोनवर सतरा बघायची आणि कोट घालून वाळूवर बसून राहायची. तुमची पाटी बघून पहिल्यांदा हसली. म्हणाली, इतक्या कडक इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस खोटं बोलणार नाही. आणि उतरली." मग तिनं विचारलं, "आज काय लिहिणार आहात?"

विश्वासराव पाटीकडे बघत राहिले. चुकीचा आकडा लिहिणं त्यांना या वयात जमणार नव्हतं. मीप कोटाच्या गुंड्यांवर हात ठेवून उभी होती.

ते डबक्यापाशी गेले, वाकून बदक बुडवलं, नीट वाचलं. परत येऊन पाटीवर मोठ्या अक्षरात २१ लिहिलं. त्याच्या वर, बारीक पण स्वच्छ देवनागरीत, एक ओळ लिहिली: 'निरीक्षणाचे स्थळ: डबके.'

"वर काय लिहिलंय?" मीपनं हिमानीला डचमध्ये विचारलं.

हिमानीनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते आकाशातले ढग अत्यंत बारकाईनं तपासत होते.

"शुभ सकाळ," हिमानी म्हणाली.

मीपनं कोट काढून विश्वासरावांच्या खुर्चीवर टाकला आणि सगळ्यांच्या आधी किंचाळत पाण्यात गेली.