बाबारावकाकांचा ग्रह काही उडेना

बोंडअळीचं औषध मागायला गेलं की देवळीतले बाकीचे कृषी केंद्रवाले विचारतात, कपाशी किती एकर? बाबारावकाका भोयर विचारायचे, "एक अख्खा ग्रह उडवाचा असन तं काय वापराव, सांगा बरं?"

माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे तिकडे नवखं गिऱ्हाईक गप्प झालं की मला इकडे कळायचं, प्रश्न विचारून झाला. मग काका समजावत. ते अंतराळातल्या लढायांची एक लांबलचक कथा रचत होते. तिच्यात एक सम्राट होता, त्याचं आरमार होतं आणि त्याला आता एक महाअस्त्र हवं होतं. काका बोलायचे, मी टाइप करायचे. मोबाइलवर ऐकायच्या मालिका काढणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीला पहिले दोन भाग आवडले होते. तिथल्या मॅडमचं एकच म्हणणं होतं, तिसऱ्या भागात ग्रह उडालाच पाहिजे.

"उडवू ना," काका म्हणाले. "फक्त मात्रा बसवा लागते."

मात्रा म्हणजे काकांचा जीव की प्राण. चहातली साखर, सुनेशी बोलणं, देवाची आरती, सगळं मात्रेत. अस्त्राचं नावसुद्धा औषधाच्या बाटलीवर शोभेल असं ठेवलं होतं: प्रलय पन्नास ईसी.

शेतकरीही हळूहळू रंगात आले. बाकड्यावर युद्धमंडळ भरू लागलं. शामराव उमाटे म्हणाले, "त्याहीची लाइटची लाइन काटा. आठ दिवसात हात जोडत येते ग्रह."

"त्यापेक्षा रानडुकरं सोडा," वांगी पिकवणारे गजाननभाऊ म्हणाले. "एका रात्रीत मैदान साफ. सोता भोगलं मी."

काका गंभीर झाले. "पन तिथवर नेनार कसे?"

यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. डुकरं वाटेत यानाच्या सीटाच उकरून ठेवतील, या मुद्द्यावर प्रस्ताव बारगळला.

मग भर बाजाराच्या दिवशी प्रात्यक्षिक झालं. काकांनी दुकानाच्या छपराला दोरीनं एक कोहळं टांगलं. तो ग्रह. विक्रीला आलेला पेट्रोलवरचा फवारणी पंप बाहेर काढला. ते अस्त्र.

"काका, माहा कागद बाहेर हाये," मी म्हटलं.

"तू कायले भेतं? निशाना पक्का हाये आपला."

पंप सुरू झाला. ग्रह गरगर फिरला, चकचकीत धुऊन निघाला आणि तसाच लटकत राहिला. पाइप मात्र हातातून सुटला. शामराव भिजले, गजाननभाऊ भिजले, रस्त्यानं चाललेली एक म्हैस भिजली आणि माझ्या कागदाच्या गठ्ठ्याचा लगदा झाला. काकांनी मला नवा गठ्ठा आणून दिला. वर ते कोहळंही दिलं. भाजी चांगली झाली.

त्यानंतर काका तिसरा भाग सांगायला बसले. किरण सुटला आणि थोडक्यात हुकला. मॅडमनी भाग परत पाठवला. दुसऱ्या खेपेला ऐन वेळी अस्त्राच्या नळीत कचरा अडकला. तिसऱ्या खेपेला हुकूम देता देता सम्राटाची दाढ ठणकली. मला हसू आवरेना आणि टायपिंगमध्ये चुका व्हायला लागल्या. शेवटी मॅडमचाच फोन आला. काकांचा स्पीकर चालू होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं: शनिवारपर्यंत ग्रह उडाला नाही, तर मालिका बंद.

फोन ठेवून काका माझ्या दुकानात येऊन बसले. मी विचारलं, "काऊन उडवत नाई जी काका? मात्रा तं कवाचीच बसली."

"त्या ग्रहावर मंदा हाये," ते म्हणाले.

मंदाकाकू म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेल्या. घरामागच्या तुकड्यात मेथी-पालक त्याच लावायच्या. दोन्ही भाग मीच टाइप केले होते. त्यांत काकूंचं नाव कुठेच नव्हतं. मी तसं म्हटलं.

"लिहिलं नाई," काका म्हणाले. "पन तिथंच राहते ते."

मग म्हटलं, "तं दुसऱ्या ग्रहावर नेऊन द्या न तिले. एवढी यानं हायेत तुमच्यापाशी."

"नाई येनार." काकांनी मान हलवली. "माहेरी गेली तं दुसऱ्या दिवशी वापस ये. घर सोडून करमेच नाई तिले."

थोड्या वेळानं त्यांनीच पुण्याला फोन लावला. ग्रह काही उडणार नाही, मालिका बंद केली तरी चालेल, एवढंच सांगितलं. तिकडचं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली.

"लिही. सकाळ झाली. मंदा मेथीले पानी देऊन राह्यली."

मी लिहिलं. पुढचं वाक्य येईना, म्हणून विचारलं, "आन् आरमार?"

"थांबन ते," काका म्हणाले. "तिचं पानी देनं होऊ दे आधी."