गांगुर्डेंची चाल

नाशकात माझा पाय टिकला तो बागूल काकांमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना हसाल. हसा, पण एवढं लक्षात ठेवून हसा.

बागूल काका स्वतःच्या घरात जमिनीवर सतरंजी टाकून झोपतात, कारण त्यांच्या दिवाणावर लढाई चालू असते.

दिवाणावर प्लायवूडची फळी, फळीवर भुशाच्या टेकड्या आणि निळ्या रंगाची नदी. नदीच्या अलीकडे सातवाहनांचं सैन्य, पलीकडे क्षत्रपांचं. शिपाई बोटाच्या एका पेराएवढा, हत्ती मध्यम बटाट्याएवढा. सगळे काकांनी स्वतः रंगवलेले. काकांचा जन्म मनमाडच्या रेल्वेत सिग्नल सांभाळण्यात गेला. रिटायर झाल्यावर सातपूरला हे घर घेतलं आणि थेट दोन हजार वर्षं मागे जाऊन राहिले.

मी गोंदियाकडची. शाळा आठवीत सुटली. सातपूरच्या एका कारखान्यात मोटारींच्या कॉइल गुंडाळायचं काम मिळालं म्हणून एवढ्या लांब आले, पण एकट्या बाईला कोणी खोली देईना. जो तो विचारायचा, "मिस्टर कुठे असतात?" बागूल काकांनी एकच प्रश्न विचारला, "पंखा किती नंबरवर लावता?" मी घाबरून म्हटलं, "एकवर." ते म्हणाले, "या राहायला."

त्याचं कारण नंतर कळलं. पंख्याने धूळ उडते आणि ओल्या रंगावर बसते. त्यामुळे वैशाखातसुद्धा आमच्या घरात पंखा एकच्या वर जात नाही. काका म्हणतात, "हत्तींना कुठे पंखा होता?"

डोळे रंगवायची वेळ आली की काका श्वास धरून बसतात. तेव्हा दार वाजवायचं नाही, कुकर लावायचा नाही. एकदा मला हे ठाऊक नव्हतं. मी मागच्या खोलीत आमच्याकडची लाल मिरचीची फोडणी टाकली आणि पुढच्या खोलीत काकांना असा ठसका लागला की हातातला तिरंदाज चकणा झाला. माझं धाबं दणाणलं. आता म्हणणार, सामान उचल. काकांनी तो शिपाई उजेडात धरला, इकडून तिकडून पाहिला आणि म्हणाले, "ममते, हा लय कामाचा झाला. कुठे बघतोय ते शत्रूला कळणारच नाही." तो चकणा त्यांनी कपाटात सगळ्यात पुढे उभा केला.

गल्लीला यातलं काही पटत नाही. दिवाळी आली की पोरं दारात येतात, "काका, किल्ल्यावर ठेवायला मावळे द्या ना." काका दुखावतात. "हे मावळ्यांच्या पंधराशे वर्षं आधीचे आहेत रे. त्यांना किल्ल्यावर थंडी वाजेल." समोरच्या शिंदे वहिनी म्हणतात, "भाऊ, एवढ्या मेहनतीत एक गणपतीची आरास झाली असती." माझ्या आईने तर फोनवर विचारलं, "तो बुढा बाहुल्या खेळते का वं?" मी म्हटलं, "खेळत नाही ना, तेच तर."

कारण लढाई पुढे सरकतच नव्हती. फासे होते, चाल मोजायला शिंप्याची टेप होती, चाल करण्याआधी म्हणायचा रेल्वेतला शब्दसुद्धा ठरलेला होता, "लाइन क्लियर." पण मी आले तेव्हापासून एक घोडा हललेला पाहिला नाही. काका रोज नवे शिपाई रंगवून कपाटात ठेवायचे आणि दिवाणावरच्या सैन्यावरची धूळ जागच्या जागी मऊ ब्रशने झटकायचे, बस. मी विचारलं की उत्तर एकच, "माझी चाल झालीय. गांगुर्डेची बाकी आहे." दिवाणाच्या पलीकडे एक रिकामी खुर्ची असायची, तिच्यावर कोणी बसायचं नाही. मला वाटायचं, हे गांगुर्डे भलतेच आळशी दिसतात.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात आम्ही मशिनी पुजल्या, हार घातले, उरलेलं हळदकुंकू मी पुडीत बांधून घरी आणलं. काका झेंडू आणायला बाजारात गेले होते. मला वाटलं, अख्ख्या सातपुरात पान्या-हातोड्यांची पूजा झाली आणि आमच्याच घरातली हत्यारं तेवढी राहिली. काकांना तेवढाच आनंद. मी एकेक शिपाई उचलला आणि उदबत्तीच्या काडीच्या टोकाने प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू लावलं. हत्तींना हळदही लावली.

आणि सगळे परत ठेवले. ते आधी कसेही पसरलेले होते, कोणी नदीत, कोणी टेकडीमागे. मी नीट ओळीत लावले. आठवीपर्यंतच शिकले असले तरी प्रार्थनेची रांग मला येते. बुटके पुढे, उंच मागे, हत्ती शेवटी. दोन्ही सैन्यं शेजारी शेजारी, सगळ्यांची तोंडं देवघराकडे.

काका आले. दारातच थांबले. हातातली झेंडूची पिशवी तशीच.

"गांगुर्डेचे हत्ती कुठे होते?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला नाही माहीत, काका."

ते दिवाणाच्या कडेला बसले. मी त्यांना तिथे बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "गांगुर्डे मनमाडचा. पंधरवड्याला खेळायला यायचा. शेवटचा आला तेव्हा त्याचे हत्ती नदीकाठी पोचले होते. उतरले की मी खलास. जाताना हसत होता. म्हणाला, चाल माझी आहे, रविवारी येतो, काही हलवू नको. रविवारी त्याच्या पोराचा फोन आला." मग झेंडूची पिशवी खाली ठेवत, "मी काही हलवलं नाही."

मी मागे गेले आणि बॅगेत कपडे भरायला लागले. काका दारात येऊन उभे राहिले.

"कुठे निघालीस?"

"खोली सोडते काका. मी तुमची लढाई मोडली."

"मोडली नाहीस. सातवाहन आणि क्षत्रप एका रांगेत शहाण्यासारखे उभे केलेस. दोन हजार वर्षांत कुणाला जमलं नव्हतं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला, परत काढला. "बाहेर ये. त्या खुर्चीत बस."

"ती गांगुर्डेंची आहे."

"म्हणून तर. क्षत्रप तुझे. हत्ती जपून वापर. फासे घे. लाइन क्लियर."

कुंकू त्यांनी पुसलं नाही. आजही आमचे दोन्हीकडचे शिपाई कपाळाला टिळा लावूनच लढतात.

आता दर रविवारी आम्ही खेळतो. मीच जिंकते. पण मी काही इतकी भोळी नाही. माझे हत्ती नदीजवळ आले की काकांना चष्मा सापडत नाही, टेप नीट दिसत नाही, त्यांचा फासा दिवाणाखाली जातो आणि तिथे नेमका कमी आकडा पडलेला असतो. मी बिचकून सोडून जाईन अशी त्यांना भीती वाटते, हे मला कळतं. आणि गांगुर्डेंना ते असं फुकट कधी जिंकू देत नसणार, हेही कळतं. खेळ संपला की काका हसतात, पण गांगुर्डेंची गोष्ट सांगताना जसे हसतात तसे नाही.

म्हणून मी नियम शिकते आहे. जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर शेंगदाणे मांडून चाली करते. काकांनी मला खोली दिली, खुर्ची दिली. ते एक दिवस फेडीन. असे हत्ती नदीपार घालीन की त्यांना चष्मा शोधायलाही वेळ मिळणार नाही, आणि त्यांना खरोखरचं हरवीन.