लाबोर्दांच्या मुलीचं लग्न

"बाबा, आज तरी फोन बंद ठेवा," सोलेन लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. "आई नाहीये. 'हो' म्हणताना तुम्हीच माझ्या समोर असायला हवेत."

"बंदच आहे गं!" लाबोर्द म्हणाले, आणि त्यांनी खिशातल्या खिशात फोनचा नुसता आवाज बंद केला.

आमच्या वाल्मोराँ शहराचे ते अठरा वर्षं महापौर. तिरंगी पट्टा लावून निम्म्या गावाची लग्नं त्यांनीच नगरभवनात लावली. सोलेनचंही तेच लावणार, हे ती रांगत होती तेव्हापासून ठरलेलं. पण वसंतात पॅरिसहून मंत्रिपदाचं बोलावणं आलं आणि स्वारी हुरळली. एका बुडाखाली दोन खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत, म्हणून रिवाजाप्रमाणे पट्टा उपमहापौर ओदीलबाईंच्या खांद्यावर चढवला. "बाई, खुर्ची तेवढी उबदार ठेवा. येतोच मी!"

द्राक्षं तोडणीला यायच्या आत मंत्रिमंडळ कोसळलं. लाबोर्द परतले, तर ओदीलबाईंनी खुर्चीची गादीसुद्धा बदललेली.

"उबदार ठेवा म्हणालात साहेब, ठेवली. आता उठवत नाही हो!"

हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. आता आशा एकच, नवं मंत्रिमंडळ. त्याची जुळवाजुळव नेमकी लग्नाच्या शनिवारी चाललेली. अशा वेळी फोन उचलला नाही की खातं दुसऱ्याच्या पदरात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

लग्नाच्या दिवशी ओदीलबाई नवरा-नवरीपुढं विवाहाच्या कायद्याची कलमं वाचू लागल्या. पहिल्या रांगेत लाबोर्द सवयीनं ओठातल्या ओठात त्यांच्या पुढं एक कलम. एवढ्यात खिसा थरथरला. नंबर पॅरिसचा!

"कुठं निघालात व्याही?" नवरदेवाच्या आईनं त्यांची बाही धरली.

"आलोच!"

लग्न लागताना सभागृहाची दारं सताड उघडी ठेवायची, असा आमचा कायदा. कुणाला हरकत घ्यायची तर घेता यावी. त्यामुळे बाहेरच्या पायऱ्यांवरचा शब्दन् शब्द आत येत होता.

"हो! हो, मी तयार आहे! कुठलंही खातं चालेल!" मग सूर बदलला. "किल्ली? कसली किल्ली? ...मंत्रालयातल्या माझ्या कपाटाची? जुन्या कोटात असेल हो. बरं, आणखी काही निरोप? ...काहीच नाही?"

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. सोलेन तेवढी हसली नाही. नवरदेवाचं 'हो' होऊन गेलं होतं, आणि ती दाराकडे बघत थांबली होती. ओदीलबाईंनी दोनदा विचारलं. बिचारा नवरदेव घामाघूम झाला. शेवटी ती "हो" म्हणाली, अगदी हळू.

लाबोर्द आत आले तेव्हा सह्या चालल्या होत्या.

"झालं?"

"झालं, बाबा."

"ओदीलबाई, एकदा परत विचारा की पोरीला. माझ्यासाठी!"

ओदीलबाईंना या वेळी टोमणा सुचला नाही. "साहेब, कायद्यात 'हो' एकदाच. तुम्हीच शिकवलंत मला."

"बरोबर आहे," लाबोर्द म्हणाले, आणि सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडायला लागले.

सोलेन उठली आणि तिनं आपल्या पांढऱ्या बाहीनं त्यांचे डोळे पुसले.

"उगी, बाबा, उगी. लोकांना वाटेल, मंत्रिपद मिळालं नाही म्हणून रडताय."