सहाची, दहाची आणि दोनची

आमच्या शेजारचे हरेश्वरकाका चहाचा कप हातात आला की आधी तो गोल गोल हलवतात. मग डोळे मिटून त्यावर नाक धरतात. मग एक घोट तोंडात घेऊन या गालातून त्या गालात फिरवतात, गिळतात आणि छताकडे बघत थांबतात. नवख्या माणसाला वाटतं, चहात काहीतरी पडलं होतं. बऱ्याच वेळाने काका सांगतात, "मीडियम बॉडी. जरा टॅनिक. फिनिश शॉर्ट."

"साखर हवी की नको, तेवढं सांगा," मंदाकाकी आतून म्हणतात.

काकांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. वाइनची बाटली त्यांनी पाहिली आहे ती फक्त मोबाइलवर. पण वाइनचे इंग्रजी शब्द मात्र आमच्या डहाणूत त्यांच्याइतके कोणाला येत असतील असं मला वाटत नाही. ते शब्द त्यांना शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे आगाराच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या सांगणारे. झाईला जाणारी कुठे लागली, चारोटीची का आली नाही, हे सगळं त्यांच्याच आवाजात गाव ऐकत आलं. निवृत्त झाले, माइक सुटला, पण भाषा सुटली नाही. लाइट गेली की त्यांच्या ओटीवरून आवाज येतो, "प्रवाशांनी नोंद घ्यावी, डीपी उडालेला आहे." काकींचं माहेरी जायचं ठरलं की, "प्रवाशांनी नोंद घ्यावी, आजपासून जेवण बेभरवशाचं आहे."

मी इंग्रजी शाळेत शिकले, आता घरूनच काम करते, आणि माणसांपेक्षा मला ईमेल बऱ्या वाटतात. आमच्या आळीत मात्र समज असा की इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलीला इंग्रजीतलं सगळं येतं. एका दुपारी काका मोबाइल घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"बाय, वाइन ड्राय असते म्हणजे कशी असते?"

मला कुठे माहीत होतं? मी माझ्या मोबाइलवर बघितलं आणि म्हटलं, "गोड नसलेली."

"मग गोड नाही म्हणायला यांच्या काय जिवावर येतं?" असं म्हणून ते खुर्चीत बसले. तेव्हापासून रोज बसायला लागले.

कारण होतं स्वाती, त्यांची एकुलती एक मुलगी. ती शिकायला पोर्तुगालला गेली आणि तिथल्याच मुलाशी तिने लग्न केलं. लग्नाला जायचा व्हिसा यांना मिळाला नाही, म्हणून ते मोबाइलवर पाहिलं. मुलाचे वडील मानुएल हे द्राक्षांचे मळेवाले, वाइन करणारे. बायको नाही, घरात ते आणि ही दोघं. लग्न लागल्यावर स्वातीने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. काका "हॅलो" म्हणाले. मग "थँक्यू" म्हणाले. मग थोडा वेळ गेला आणि पुन्हा "हॅलो" म्हणाले.

"उभा जन्म माइकवर बोलण्यात गेला, बाय," ते मला म्हणाले, "आणि पोरीच्या लग्नात माइक बंद पडला."

आता हिवाळ्यात स्वाती आणि जावई येणार होते, आणि सोबत व्याही. या खेपेला आपण त्यांच्याशी स्वतः बोलायचं, स्वातीला मध्ये न घेता बोलायचं, हे काकांनी ठरवलं होतं. मी सुचवलं, हवामानाबद्दल बोला, प्रवास कसा झाला ते विचारा.

"हवामान टीव्हीवाला सांगतो. माणसाशी बोलायचं तर त्याच्या धंद्यातलं बोलावं. झाईचा माणूस भेटला की मी बोंबलांपासून सुरुवात करतो. तो पुढे घरातलं आपण होऊन सांगतो."

मी वाद न घालता मोबाइल उघडला. तसंही मी फार बोलत नाही.

मग शब्द सुरू झाले. रेड, व्हाइट आणि रोझे एका बैठकीत संपले. पुढे क्रिस्प, ओकी, फ्रूटी, अर्दी. एखादा शब्द अंगवळणी पडावा म्हणून काका तो दिवसभर वापरत. काकींची बोंबलाची आमटी 'लाँग फिनिश' ठरली, कारण दुपारी जेवलं की संध्याकाळपर्यंत तोंडात राहते. घोलवडचे चिकू 'फ्रूटी' म्हटल्यावर काकी म्हणाल्या, "फळाला फळ म्हणायला इंग्रजी शिकायला लागलं होय." नात्यातल्या एका लठ्ठ बाईंना ते भर हळदीकुंकवात 'फुल बॉडीड' म्हणाले. त्यांनी अर्थ विचारला आणि काकांनी तो खुलासेवार सांगितला. त्या बाई अजून आमच्या आळीतून जाताना तोंड फिरवतात.

एकाच शब्दापाशी काका अडले. क्लोज्ड. मी वाचून दाखवलं, की काही वाइन चांगली असूनही बाटली उघडल्यावर लगेच वास देत नाही, चव देत नाही. ती तशीच ठेवून वाट बघावी लागते. हळूहळू खुलते.

"असंही असतं वाइनमध्ये?" काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे तुझ्यासारखी."

मला ते आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच शब्द पुन्हा विचारला, आणि तिसऱ्या दिवशीही.

व्याही यायला आठवडा राहिला तेव्हा काकांना वाटलं, त्यांच्यापुढे नुसते शब्द ठेवून कसं चालेल, आपल्याकडचंही काही ठेवायला हवं. आपल्याकडचं म्हणजे ताडी. ते जवळच्या कैनाड गावी ओळखीच्या ताडीवाल्याकडे जाऊन आले. त्याने सांगितलं, ताडी पहाटे गोड असते, दहाला चढायला लागते, दुपारी दोनला आंबट होते.

"तीन प्रकार झाले की," काका मला सांगत होते. "त्यांची वाइन वर्षावर चालते, आपली तासावर. सहाची, दहाची आणि दोनची. वेळापत्रकच आहे."

मंडळी आली. ठरल्या दिवशी काका अंधारातच कैनाडला गेले आणि ताडीवाल्याच्या अंगणात ठाण मांडून बसले. सहाला एक बाटली भरून घेतली, दहाला दुसरी, दोनला तिसरी. सरबताच्या रिकाम्या बाटल्या होत्या. बुचं गच्च लावून, प्रत्येकीवर वेळ चिकटवून ते घरी आले.

स्वाती आणि जावई तिच्या मैत्रिणीकडे तलासरीला गेले होते आणि येताना चारोटीपाशी हायवेवर अडकले. त्यामुळे चार वाजता काकांच्या ओटीवर व्याही, काका, काकी आणि दुभाषी म्हणून मी, एवढेच होतो. मानुएल म्हणजे उन्हाने रापलेले, जाड बोटांचे, हसरे आजोबा. काकी त्यांना पहिल्या दिवसापासून मनूभाऊ म्हणत होत्या आणि ते ओ देत होते. मी त्यांना इंग्रजीत विचारलं, प्रवासाचा शीण गेला का? ते हसून मान हलवत राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. काकांनी एवढे दिवस घालवले ते या माणसासाठी.

काकांनी मात्र घसा साफ केला, सहाची बाटली हातात घेतली आणि आगारातल्या आवाजात म्हणाले, "सिक्स ओक्लॉक. स्वीट."

बूच सैल करताच ते उडून पडद्यावर गेलं आणि अर्धी ताडी फेस होऊन काकींच्या टेबलक्लॉथवर आली.

"आह," मानुएल म्हणाले. "स्पार्कलिंग."

काका खुर्चीत ताठ झाले. मळ्यावर येणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांना वाइन चाखवून चाखवून मानुएलना इंग्रजी येत होतं ते वाइनपुरतं. काकांनाही तेवढंच येत होतं.

मानुएलनी ग्लास हलवला, नाकाशी नेला, घोट घेतला, डोळे बारीक केले. "नॉट स्वीट. सावर." दहाची घेतली. "सावर." दोनची घेतली. मग तिन्ही ग्लासांकडे बोट करून मोठ्याने हसले. "सेम. ऑल ब्रदर्स."

काकांनी बाटल्या तपासल्या. प्रत्येकीवर वेळ बरोबर होती.

"अहो, ताडी काय तुमची एसटी आहे, सहाची सहालाच उभी राहायला?" काकी म्हणाल्या. "बाटलीत भरली म्हणून आंबायची थांबते होय ती? तिन्हींचे चार वाजले."

काकांचा चेहरा उतरला. पण मानुएलनी ग्लास पुन्हा पुढे केला. "अलाइव्ह," ते म्हणाले. "गुड."

त्यानंतर माझी कोणाला गरज उरली नाही. मानुएल आपल्या मुलाबद्दल म्हणाले, "लाइट. फ्रेश. नॉट कॉम्प्लेक्स." काका काकींकडे हात करून म्हणाले, "स्ट्राँग. लाँग फिनिश." काकींना अर्थ आमटीमुळे माहीत होता. त्या लाजून बशा उचलायला लागल्या.

मग काका पुढे सरकले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. त्या आवाजात त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

"माय स्वाती," ते म्हणाले. "गुड. व्हेरी गुड. बट क्लोज्ड."

मानुएलनी ग्लास खाली ठेवला.

"नो टेल. नो स्मेल आउट. यू थिंक, ऑल नाइस. बट इनसाइड..." काकांना शब्द सापडेना. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी सरसावले, पण त्यांनी बघितलं नाही. "नो शेक. ओपन, अँड वेट. प्लीज."

काकी बशा हातात घेऊन दारातच थांबल्या होत्या. स्वाती लहानपणी चिकूच्या झाडावरून पडली तेव्हाची गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती. हात मोडलेला, पण पोरीने घरात कोणाला कळू दिलं नाही. डाव्या हाताने जेवताना दिसली तेव्हा समजलं. आताही तिचा फोन येतो आणि ती रोज म्हणते, सगळं छान. "ती घोषणा झाली," काका म्हणायचे, "बातमी नव्हे."

मानुएलनी काकांच्या हातावर आपला जाडजूड हात ठेवला. "आय वेट," ते म्हणाले. "माय वर्क. वेट."

तेवढ्यात गाडी आली. स्वाती आत येत म्हणाली, "बाबा, काय चाललंय?"

"वाइनबद्दल बोलत होतो," काका म्हणाले. आवाज पुन्हा आगारातला.

मंडळी परत गेली. काही दिवसांनी मी काकींचं पातेलं द्यायला गेले तेव्हा स्वातीचा फोन सुरू होता, स्पीकरवर.

"बाबांनी माझ्या सासऱ्यांना काय सांगून ठेवलंय गं आई? रोज संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसतात. विचारत काही नाहीत, नुसते बसतात. परवा मला ताप होता. मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण ते उठेचनात. शेवटी सांगून टाकलं."

"बरं केलंस," काकी म्हणाल्या.

काका ओटीवर चहा घेऊन बसले होते. त्यांनी कप हलवला नाही, नाकाशी नेला नाही. सरळ प्यायले.

"आज काय निकाल?" फोन ठेवून काकींनी आतून विचारलं.

"साखर कमी आहे," काका म्हणाले.