चेंबरवरचा शेंदूर

"उद्या सकाळी सातला इंजिन एका सेल्फमध्ये उठणार! नाही उठलं तर मिशी काढीन!" असं प्रफुल्लने शनिवारी धक्क्यावर उभं राहून जाहीर केलं. मिशी त्याला अजून नीटशी आलेली नव्हती, त्यामुळे पैज तशी स्वस्तातच होती. तरीही हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. त्यानंतरची आणखी सात-आठ वाक्यंही नको होती, पण त्यांच्याकडे आपण ओळीने येऊच.

इंजिन होतं 'वायुवेग' या बोटीचं. नाशिकजवळच्या धरणावर पर्यटकांना अर्धा तास फिरवून आणणारी ही लोखंडी बोट. नाव मालक खंडेरावशेठ यांनी ठेवलेलं. वेग असा की बोटीबरोबर एखादी म्हैस पाण्यात शिरली, तर ती पलीकडच्या काठावर पोहोचून रवंथ करत बोटीची वाट बघायची. इंजिन समुद्रातल्या जुन्या मच्छीमार बोटीतून काढून आणलेलं, डिझेलचं. जन्म खाऱ्या, उबदार हवेत गेलेला, त्यामुळे नाशिकची थंडी त्याला कधी मानवलीच नाही. डिसेंबर लागला की चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालच्या डब्यातलं ऑइल काकवीसारखं घट्ट व्हायचं, आणि सेल्फ मारला की इंजिन फक्त "अंऽऽ" म्हणून कूस बदलायचं.

त्यावर मंगळूबाबांचा एक उपाय होता. मंगळूबाबा हे बोटीचे सारंग, म्हणजे चालक. बावीस वर्षं ते थंडीत रोज पहाटे धक्क्यावरच्या चहाच्या टपरीतून परातभर निखारे आणायचे आणि परात चेंबरखाली सरकवायचे. पाऊण तास शेक दिला की इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकून जागं व्हायचं. टपरी त्यांच्या बायकोची, भागीबाईंची. निखारे भागीबाईंच्या चुलीचे. आणि चूल सोडून जाता येत नाही, म्हणून भागीबाई बावीस वर्षांत एकदाही बोटीत बसल्या नव्हत्या. बोट सुटली की हात हलवायच्या, परत आली की चहा ओतायच्या.

रविवार हा मंगळूबाबांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. शेठनी विचारलं, "काय पाहिजे बाबा?" बाबा म्हणाले, "पहिली फेरी. भागीला घेऊन." शेठनी तत्काळ होकार दिला, नाहीतर शाल-नारळ आणायला बाजारात जावं लागलं असतं.

अडचण भागीबाईंनी काढली. "मी निखारे पाडीत बसू का लुगडं नेसू?"

हे वाक्य प्रफुल्लच्या कानावर पडलं आणि तिथेच सगळ्यांचं नशीब फिरलं. प्रफुल्ल हा मेकॅनिकलचा डिप्लोमा, आठ महिन्यांपूर्वी टेक्निकल सुपरवायझर म्हणून लागलेला. मंगळूबाबांवर त्याचा मनापासून जीव होता. (हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे विश्वास बसणार नाही.) त्याने ऑनलाइन एक हीटर मागवला. थालीपिठाएवढा रबरी चौकोन, मागे गोंद, पुढे वायर. चेंबरला चिकटवा, प्लग लावा, ऑइल गरम! घर निफाडच्या गारठ्यात असल्यामुळे थंडीविषयी त्याचे अनुभव कडवट होते, म्हणून त्याने लागतो त्याच्या दुप्पट वॉटचा घेतला.

"आता निखारे बंद, मावशी! तुम्ही चूल विझवा आणि राणीसारख्या येऊन बसा!"

"विझवू?" भागीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"विंजनेर म्हनतोय तर विझव," मंगळूबाबा म्हणाले.

शनिवारी दुपारी प्रफुल्ल माहितीपत्रक तोंडात धरून इंजिनाखाली सरपटत गेला. पहिलीच सूचना होती : पृष्ठभाग खरवडून लख्ख धातू दिसेपर्यंत साफ करा. त्याने टॉर्च मारली. धातू कुठेच नव्हता. सबंध चेंबरवर बोटभर जाडीचा शेंदूर होता!

"बाबा, हे काय?"

"शेंदूर."

"ते दिसतंय. किती वर्षांचा?"

"सतरा. दर दसऱ्याला एक हात चढतो."

प्रफुल्लच्या मनात विज्ञान आणि संस्कार यांची झटापट झाली. तसा तो शेंदराबिंदराला न मानणारा. पण दुसऱ्याच्या श्रद्धेवर, तीही निवृत्तीच्या आदल्या दिवशी, पत्रा फिरवणं त्याला रानटीपणाचं वाटलं. त्याने हळुवारपणे विचारलं, "खरवडला तर चालणार नाही ना?"

मंगळूबाबा दचकले. "नाय नाय भाऊ! त्याला अजाबात हात लावू नका. त्याच्यावरच तर चाललंय हे सगळं."

"समजलं बाबा," प्रफुल्ल गंभीरपणे म्हणाला. "मला समजलं."

हे त्या सात-आठ वाक्यांपैकी सर्वांत वाईट.

मग त्याने हीटर थेट शेंदरावर चिकटवला. पाच मिनिटांत हीटर सुटला आणि बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात पोहायला लागला. प्रफुल्लने पत्रकातला तक्ता उघडला. 'हीटर चिकटत नाही : तेलकटपणा तपासा.' त्याने थिनरने शेंदूर हलक्या हाताने पुसला, पाठीखाली पाना टोचत असताना अर्धा तास हीटर तळहाताने दाबून धरला. चिकटला! मग प्लग लावला. हीटर गार. 'हीटर तापत नाही : वीजपुरवठा तपासा.' वायर टपरीपर्यंत गेलेली होती. तिथे त्याच्या प्लगच्या जागी भागीबाईंचा मोबाइल चार्ज होत होता.

"मावशी!"

"अरं, लेकीला फोटू पाठवायचाय उद्याचा. तुझ्या थालीपिठाला जरा दम नाय का?"

प्लग परत बसला. हीटर तापला. प्रफुल्लने तक्त्यातल्या सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा केल्या. शेवटची ओळ मात्र त्याने वाचली आणि सोडून दिली : 'चेंबर आतून-बाहेरून सुस्थितीत असल्याची खात्री करा.' सतरा वर्षं चालतंय म्हणजे सुस्थितीतच असणार!

रविवारी पारा सहावर होता. पत्रक म्हणत होतं एक तास तापवा. प्रफुल्लने तीन तास तापवला. प्रेमात माणूस हात आखडता घेत नाही.

सातला भागीबाई आल्या. हिरवं लुगडं, केसांत अबोली, हातात पिशवी. मागे टपरीची चूल विझलेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. धक्क्यावरचे दहा-बारा पर्यटक चहा का नाही म्हणून कुरकुरत बोटीत चढत होते. मंगळूबाबांनी बायकोला हात देऊन पुढच्या बाकावर बसवलं, चाकाला नमस्कार केला आणि सेल्फ मारला.

एका सेल्फमध्ये! इंजिन खोकलंसुद्धा नाही. मंगळूबाबांनी वळून प्रफुल्लकडे पाहिलं. त्या नजरेत इतकं काही होतं, की प्रफुल्लला पुढे कित्येक दिवस ती आठवली की पाणी प्यावं लागे.

बोट सुटली. भागीबाईंनी सवयीने टपरीच्या दिशेने हात हलवला. तिथे कुणीच नव्हतं.

धक्का दीडदोनशे हात मागे पडला असेल, तेवढ्यात खालून 'थप्प' असा आवाज आला. ओल्या भिंतीवरून गिलावा पडावा तसा. प्रफुल्लने फळी उचलून खाली पाहिलं. सतरा वर्षं निखाऱ्यांची पाऊण तासाची धग सोसलेला शेंदूर थिनर आणि हीटरच्या तीन तासांनी मऊ होऊन अख्खाच्या अख्खा सुटला होता आणि तळाच्या पाण्यात पडला होता. त्याच्या पाठीवर हीटर घट्ट चिकटलेला होता. आणि चेंबरला जिथे शेंदूर होता तिथे रुपयाएवढं भोक होतं. त्यातून गरम, पातळ, आज पहिल्यांदाच सुंदर वाहणारं ऑइल धो धो वाहत होतं.

"बाबा! बंद करा! चेंबरला भोक आहे!"

"हाय ना," मंगळूबाबा वर चाक धरून म्हणाले. "सतरा वर्षं हाय."

"मग सांगायचं नाही?"

"तुमी समजलं म्हनालात. मला वाटलं समजलं." त्यांनी चाक सरळ केलं. "शेंदूर अन् तेल कालवून लिंपलं व्हतं. नळवाले लावतात तसं. दसऱ्याला पूजा करताना एक हात वाढवायचो, देवाचंबी व्हायचं आन् भोकाचंबी."

एवढं बोलणं होईतो इंजिनने एक किंकाळी मारली आणि ते कायमचं जाम झालं.

धरणावर इतकी शांतता पसरली, की एका पर्यटकाचं बिस्किट मोडल्याचंही ऐकू आलं. सगळ्यांनी फोन काढले. शेठ फोनवर जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. प्रफुल्लला पाण्यात उडी मारावीशी वाटली, पण तोंडापासून कोपरापर्यंत ऑइल लागलेलं होतं आणि धरणाचं पाणी शहर पितं.

तो भागीबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "मावशी, माझी चूक झाली."

भागीबाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या काठाकडे बघत होत्या. "आपली टपरी लय बारकी दिसती व्हय इथून?"

"मला रोज दिसायची," मंगळूबाबा म्हणाले. कुठेही न जाणाऱ्या बोटीचं चाक त्यांनी अजून सोडलं नव्हतं. "धूर दिसायचा. आज नाय."

तास-दीड तास ते दोघं तसेच बसले. कुणी फोटो काढला नाही. भागीबाईंचा मोबाइल चार्जच झाला नव्हता. त्याचा प्लग कुणी काढला होता ते सर्वांना ठाऊक होतं.

अखेर जाळी टाकणारा गोटीराम ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून आला. त्याने दोर बांधला आणि 'वायुवेग' ट्यूबमागून, हाताच्या वल्ह्यावर, धक्क्याला लागली. काठावरची म्हैस सगळं बघत होती.

इंजिन भंगारात गेलं. शेठनी बॅटरीवरची बोट आणली. तिला शेक लागत नाही, सारंगही पोरगेलासा आहे. मंगळूबाबा हल्ली टपरीत चुलीपाशी बसतात. चहा त्यांना जमत नाही, पण निखारे अजून उत्तम पाडतात. न्यायला मात्र कुणी येत नाही. शेंदराचं ते कवच त्यांनी मागच्या फळीवर उभं करून ठेवलंय. हीटर त्याला तसाच चिकटलेला आहे. प्रफुल्लने सोडवायचा प्रयत्न करून पाहिला, सुटत नाही. मधे कंपनीतून फोन आला होता, "सर, चिकटपणाबद्दल पाचपैकी किती गुण द्याल?" त्याने खालमानेने पाच दिले.

आणि पैज? इंजिन तर एका सेल्फमध्ये उठलं होतं. मिशी कुणी मागितली नव्हती. तरी सोमवारी प्रफुल्लने ती काढली. आपल्याकडे द्यायला दुसरं काही नाही असं त्याला वाटलं. तसाच तो टपरीवर जाऊन उभा राहिला. मंगळूबाबांनी पाहिलं आणि सरकून बसायला जागा केली. भागीबाईंनी चहा पुढे केला, त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या,

"आज तोंड नीट धुतलंस व्हय रं?"